कॉलेजातले प्रोफेसर, कौन्सिलातले बाबासाहेब

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिहा, असा मंडळाच्या पोरांचा आग्रह पडला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो. महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा, नागपूरची दीक्षा आणि भारताची राज्यघटना. हे सगळं आपल्या घरातल्या शाळकरी लेकरालाही पाठ आहे. पण मधली जी वर्षे आहेत त्या वर्षांत बाबासाहेब रोज सकाळी उठून काय करत होते, घर कशावर चालत होतं, मुंबईच्या कौन्सिलात बसून त्यांनी कोणकोणती बिले मांडली, हे विचारलं तर चांगले चांगले भाषणवाले गप्प होतात. बाबासाहेब कॉलेजात प्रोफेसर होते, पुढे प्रिन्सिपॉल झाले, आणि त्याच वर्षांत मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सभासद होते. आजच्या भाषेत सांगायचं तर आमदार. या लेखात मी तेवढंच सांगणार आहे.

१९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परत आले, कारण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर हजर झाले. तिथे पारशांच्या वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना कसे बाहेर काढले ते आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, आणि राहायला खोली नाही! मुंबईला परत आले. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्रोफेसर म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार महिना ४५० रुपये. जागा तात्पुरती, कायमची नव्हे. हे कॉलेज १९१३ साली निघालेले, व्यापार आणि अर्थशास्त्र शिकवणारे. तिथे शिकायला येणारी मुलं मोठमोठ्या व्यापाऱ्यांची आणि वरच्या जातीची.

सुरुवातीला पोरांना वाटलं, हा महार आपल्याला काय शिकवणार? पण थोड्याच दिवसांत वर्ग भरू लागला, दुसऱ्या कॉलेजातली मुलंसुद्धा परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. पोरं बदलली, पण बरोबरीचे प्रोफेसर? प्रोफेसरांच्या खोलीत पाण्याचे भांडे होते. त्या भांड्यातले पाणी आंबेडकरांनी प्यायचे नाही, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. महाडच्या तळ्याची गोष्ट घडायला अजून आठ-नऊ वर्षे होती, बरं का. आपण समजतो की पाण्याचा प्रश्न खेड्यापाड्यातला, अडाणी लोकांचा. तो मुंबईच्या कोटातल्या कॉलेजात, शिकल्यासवरलेल्या लोकांच्या खोलीतही होता.

४५० रुपये म्हणजे त्या काळी मोठा पगार. पण बाबासाहेब राहत होते परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत, गिरणी कामगारांच्या शेजाराला. रमाईच्या हातात संसाराला मोजके पैसे द्यायचे आणि बाकीचे शिल्लक टाकायचे, कारण लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. त्यात पुन्हा मित्र नवल भथेना यांच्याकडून ५००० रुपये कर्जाऊ घेतले. १९२० च्या मार्चमध्ये कॉलेज सोडले, जुलैत बोट धरली. म्हणजे प्रोफेसरकी झाली जेमतेम सव्वा वर्ष. पण त्या सव्वा वर्षात काय काय केलं बघा. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली आणि अस्पृश्यांना मताचा हक्क आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मागितल्या. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढले. मार्च १९२० मध्ये माणगावला छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद घेतली. वर्गात शिकवणे चालूच होते.

ती साउथबरो कमिटी काय होती ते थोडं समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही. त्या काळी मत सगळ्यांना नव्हते. जो ठराविक शेतसारा भरतो, जो कर भरतो, त्यालाच मत. आता आपल्या बापजाद्यांकडे कुठली जमीन आणि कुठला कर! त्यामुळे मतदार यादीत आपला माणूस शोधून सापडत नव्हता. निवडून येण्याचा प्रश्नच नाही. म्हणून सरकार अस्पृश्यांच्या वतीने एखाद-दुसरा सभासद आपणच नेमत असे. बाबासाहेब १९२३ साली बॅरिस्टर आणि डॉक्टर ऑफ सायन्स होऊन परत आले, वकिली सुरू केली, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. आणि मग मुंबई कायदे कौन्सिलावर डॉ. पुरुषोत्तम सोळंकी आणि ते असे दोघे सरकारनियुक्त सभासद झाले. १८ फेब्रुवारी १९२७ ला शपथ घेतली आणि २४ फेब्रुवारीला पहिले भाषण केले, तेही बजेटावर!

काही लोक टोमणा मारतात की आंबेडकर सरकारने नेमलेले होते. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचे गुणगान गातो, ही जगाची रीत. बाबासाहेबांनी बसल्या बसल्या सरकारचाच हिशेब काढला. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडे मांडले की सरकार लोकांच्या शिक्षणावर दर डोई चौदा आणे खर्च करते, आणि दारूच्या करातून दर डोई दोन रुपये, दोन आणे, नऊ पै वसूल करते. रुपयाचे सोळा आणे होते, म्हणजे एक रुपयासुद्धा शिक्षणाला नाही आणि दारूतून त्याच्या दुपटीपेक्षा जास्त! जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. आणखी एक आकडा दिला. प्राथमिक शाळेत शंभर मुले घातली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात. शाळेत नाव घातलं म्हणजे शिक्षण झालं असं नव्हे, हे प्रोफेसर माणसालाच सुचणार.

तारीख ध्यानात ठेवा. १२ मार्चला कौन्सिलात हे भाषण, आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी. मध्ये आठ दिवस. ज्यांना वाटतं की रस्त्यावरचा लढा वेगळा आणि सभागृहातला वेगळा, त्यांनी हे कॅलेंडर भिंतीवर लावावे.

आता १९२८ साल घेऊ. माझ्या मते हे वर्ष आपल्या लोकांनी फार दुर्लक्षित केले आहे. जूनपासून बाबासाहेब मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवू लागले होते. त्याच दिवसांत, २८ जुलैला, गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या बिलाला त्यांनी कौन्सिलात पाठिंबा दिला. विरोध करणारे म्हणत होते, हा बोजा मालकाने का सोसायचा? बाबासाहेबांचे म्हणणे असे की आईला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खरा बोजा सरकारने उचलावा. पण मालकही त्या बाईच्या कामावर नफा कमावतो, तेव्हा त्याने सोसण्यात अन्याय काही नाही. १९२९ साली तो कायदा झाला. असा कायदा करणारा मुंबई हा हिंदुस्थानातला पहिला इलाखा. आपल्या उपासिका ताईंनी हे लक्षात ठेवावे, कारण ८ मार्चच्या कार्यक्रमात हे कोणी सांगत नाही.

आणि ३ ऑगस्ट १९२८. त्या दिवशी महार वतनाचे बिल चर्चेला आले. हे बिल बाबासाहेबांनी १९ मार्चला मांडले होते. नव्या पिढीला वतन म्हणजे काहीतरी मानाची वस्तू वाटते. आडनाव, इनाम, जमीन! म्हणून ते काय होते हे म्हाताऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे आणि बाबासाहेबांनी कौन्सिलात मांडल्याप्रमाणे लिहितो.

महार हा सरकारचा नोकर. सारा वसुलीच्या वेळी रयतेला बोलावून आणायचे, टपाल पोचवायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, तालुक्याला निरोप न्यायचा, मयताचा सांगावा गावोगाव द्यायचा. कामाचे तास चोवीस. तो घरी नसेल तर बाप, भाऊ, घरातलं जे माणूस सापडेल ते धरून न्यायचं. आता पगार? थोडी इनाम जमीन, पिढ्यान्पिढ्या भाऊवाटण्या होऊन तिचे झालेले तुकडे. वर सरकारकडून अगदी नाममात्र पैसा. आणि बाकीचे बलुते, म्हणजे खळ्यावर जाऊन गावकऱ्यांकडून मागायचे धान्य. नोकरी सरकारची आणि पगार गावाकडून मागून घ्यायचा, असला हा कारभार!

यातली खरी मेख बलुत्यात होती. गावात महाराने जरा मान वर केली, मेलेले ढोर ओढणार नाही म्हटलं, पोराला शाळेत घातलं, की गाव बलुते बंद करी. काम सोडायची तर सोय नाही, कारण सरकारी नोकर. आणि मजुरी मिळण्याची खात्री नाही, कारण ती गावाच्या मर्जीवर. दोन्हीकडून दोर. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' पत्रातूनही हा प्रश्न लोकांपुढे मांडला होता. त्यांच्या बिलात अशी व्यवस्था होती की ज्याला वतनाची चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी आणि पुरा सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी. बलुते धान्याच्या रूपाने न देता त्याची पैशात आकारणी करून सरकारने शेतसाऱ्याबरोबर ती वसूल करावी आणि आपल्या हाताने महाराला द्यावी. आणि महाराने कोणकोणती कामे करायची ती नक्की ठरवावीत.

यात क्रांतिकारक काय होतं? तर हेच, की मजुरी गावाच्या खळ्यावरून उचलून सरकारी तिजोरीत नेली. मग बलुते बंद करण्याचे हत्यार गावाच्या हातातून निसटणार होते. शास्त्रार्थ नाही, देवळाचा प्रश्न नाही, निव्वळ अर्थशास्त्र! सिडनहॅममधले धडे इथे कामाला आले असे मला वाटते. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेले आणि तिथे अडकले. सरकारला पदरचा पैसा घालायचा नव्हता. १९२९ साली बाबासाहेबांनी ते परत घेतले.

त्याच १९२९ साली ते अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी कमिटीचे सभासद म्हणून खानदेशात हिंडत होते. चाळीसगाव स्टेशनवर उतरले. मनमाडच्या पुढचे आपलेच स्टेशन. महारवाड्यात न्यायला टांगा पाहिजे, तर एकही टांगेवाला त्यांना बसवून हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला बसला आपल्यातलाच एक माणूस, ज्याला हाकण्याची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. कौन्सिलाचा सभासद, बॅरिस्टर, लॉ कॉलेजात शिकवून आलेला. टांगेवाल्याच्या लेखी यातलं काहीच नव्हतं.

पुढे २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. गोलमेज परिषदा, पुणे करार हे सर्वांना ठाऊक असल्याने इथे लिहीत नाही. १९३५ च्या जूनमध्ये बाबासाहेब गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. त्याच्या चारपाच दिवसच आधी, २७ मे रोजी, माता रमाई गेल्या होत्या. आणि नेमणुकीला चार-साडेचार महिने झाले न झाले तोच, १३ ऑक्टोबरला, आपल्या जिल्ह्यात येवल्याला त्यांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आपल्या निफाड तालुक्याला लागूनच येवला. त्या सभेला आलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की हा पुढारी मुंबईच्या सरकारी कॉलेजचा प्रिन्सिपॉल आहे? सरकारी नोकरी सांभाळायची म्हणून तोंड सांभाळणारे पुष्कळ पाहिले. हा माणूस त्यातला नव्हता.

१९३६ च्या ऑगस्टात स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव बघा, जातीचे नाही, मजुराचे. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले. मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने पळवणकर बाळू यांना उभे केले होते. ते त्या काळचे नामांकित क्रिकेट खेळाडू, चर्मकार समाजातले. सुमारे दोन हजार मतांनी बाबासाहेब जिंकले. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातून कर्मवीर दादासाहेब गायकवाड निवडून गेले. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा, काळारामाच्या सत्याग्रहात अग्रभागी असलेला हा माणूस १९३७ ते १९४६ मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाच्या बाकावर बसला.

आता बाबासाहेब सरकारने नेमलेले नव्हते, लोकांनी निवडलेले होते. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. कोकणात खोत हा सरकार आणि कुळ यांच्या मध्ये बसलेला. सारा वसूल करताना कुळाला नागवून घेई. ही कुळे फक्त महार नव्हती. कुणबी, आगरी, सगळे होते. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला. पुढच्या मे महिन्यात प्रिन्सिपॉलकी सोडली.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, गिरणीचा. मुंबईच्या गिरण्यांत आपले लोक पुष्कळ होते, पण ते थ्रॉसलखात्यात. साचेखात्यात, म्हणजे मागावर, आपल्या माणसाला घेत नसत आणि पगार तर तिथेच जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. जुन्या धोट्यांची तशीच रीत होती. महाराने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा! हे मालक म्हणत नव्हते हो, बरोबरीचे कामगार म्हणत होते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत अस्पृश्यांना काम मिळण्याचा हक्क मागण्यांत घाला. मी स्वतः गिरणीत उमेदीची वर्षे काढली आहेत. धोटा हातात घेतला की ही गोष्ट आठवतेच.

म्हणून १९३८ साली जे घडले त्याचे मोल जास्त आहे. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. तडजोडीची सगळी लांबण पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा, आणि बेकायदा संपाला शिक्षा. १५ सप्टेंबरला बाबासाहेब त्यावर बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. काम न करणे हा गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावणे, आणि त्यालाच गुलामी म्हणतात. संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. बिल काँग्रेसच्या बहुमताने पास झाले. पण ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ज्यांच्याशी धोट्यावरून भांडण होतं त्यांच्याच खांद्याला खांदा लावून आपले लोक उभे राहिले. हिशेब सोडला नाही, पण मालकापुढे फूटही दाखवली नाही. त्या कायद्याच्या जागी १९४६ साली दुसरा आला, त्यात एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन. १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार ज्या कायद्याच्या भिंतीवर डोके आपटत राहिले, ती भिंत हीच.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. म्हणजे दिवसाला आठ तास. आपण पाळी संपली की भोंगा ऐकून घरी येत होतो त्यामागे हे आहे. घटना समिती, कायदेमंत्रिपद, हिंदू कोड बिल आणि १९५१ चा राजीनामा यांवर मोठमोठे ग्रंथ आहेत. १९५२ साली मुंबईत लोकसभेला आणि १९५४ ला भंडाऱ्याला ते पराभूत झाले. राज्यसभेत मात्र १९५२ पासून अखेरपर्यंत होते. आणि मधल्या काळात मास्तरकी सुटली असे समजू नका. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला कॉलेज, जे पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झाले. ज्या माणसाला प्रोफेसरांच्या खोलीतले पाणी नाकारले होते त्याने स्वतःच कॉलेजे उभी केली.

वतनाचे तेवढे राहिले. ते बिल परत घेतले तरी बाबासाहेबांनी प्रश्न सोडला नव्हता. वतनी जमिनीवरचा कर सरकारने वाढवला तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये आपल्या सिन्नरला त्यांनी वतनदार महार-मांगांच्या परिषदा घेतल्या. शेवटी १९५८ साली मुंबई राज्याच्या विधिमंडळाने कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याचा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा पावणेतीन वर्षे होत होती. येसकराची काठी त्या दिवशी कायद्याने खाली ठेवली गेली. जमिनी सरकारजमा होऊन, ठराविक रक्कम भरल्यावर, नव्या शर्तीने पुन्हा आपल्या लोकांच्या नावावर झाल्या. परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर. पुष्कळांनी वेळेत रक्कम भरली नाही, कारण कोणी सांगितलेच नाही. ज्यांच्या घरी जुना सातबारा आहे त्यांनी तो काढून बघावा. 'इनाम वर्ग ६ ब' किंवा 'महार वतन' असे त्यावर दिसले तर तलाठ्याकडून जुना फेरफार मागावा, आणि काय नोंद झाली आहे ते घरातल्या शिकलेल्या पोराकडून नीट वाचून घ्यावे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर कागद घेऊन कोणी आले तर आम्ही दोघेतिघे बसून बघायला तयार आहोत.